ऑगस्टात उल्कावर्षाव बघायला कोकणात यायचं म्हणतोय, कुठे जावं?

दादरचा चाकरमानी
६ जुलै २०२६, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. दरवर्षी १२-१३ ऑगस्टच्या रात्री ययाती तारकासमूहाच्या दिशेने उल्कावर्षाव होतो, त्याला पर्सीड म्हणतात. यंदा योग असा जुळलाय की १२ ऑगस्टला नेमकी अमावास्या. त्याच दिवशी स्पेन आणि आइसलंडमध्ये खग्रास सूर्यग्रहण आहे. ते आपल्या खिशाबाहेरचं, पण उल्का तर फुकट दिसतात ना! आमच्या दादरच्या गच्चीवरून मृगाचे सगळे तारे दिसले तर सोसायटीत पेढे वाटावेत अशी परिस्थिती आहे. गुहागर तालुक्यात आमचं घर आहे, बंद असतं पण राहता येतं. लेक आठवीत आहे आणि सध्या तिला याचंच वेड लागलंय. तर विचारायचं असं, की समुद्रकिनारा बरा की दुसरीकडे कुठे जावं? दुर्बीण लागते का? आणि कोणी येणार असेल तर छोटासा कट्टाच करू.

रापणकर
अरे मेल्या, ऑगस्टात कोकणात तारे बघूक येतंस? उल्का काय दिसाच्यो नाय, पण कुर्ल्यो गावतीत. टॉर्च घेऊन ये.

तिरकस पुणेकर
१२ ऑगस्ट म्हणजे आषाढ अमावास्या. गटारी! तारे हमखास दिसतील, आकाश असो वा नसो.

दादरचा चाकरमानी
हसून घ्या. पण मधेमधे उघडीप मिळतेच की. तासाला १०० उल्का असं वाचलंय, दोन तास जरी आकाश उघडलं तरी वसूल.

मास्तरीणबाई, राजापूर
उघडीप मिळते ती दुपारी, दोरीवरचे कपडे आत आणून ठेवले की लगेच. रात्री अजिबात भरवसा नाही. ऑगस्टात आमच्याकडे कपाटातल्या गोधड्यांना बुरशी येते, तुम्ही उघड्यावर सतरंजी टाकून झोपायच्या गोष्टी करताय. पोरीचा हिरमोड होईल हो. डिसेंबरात या.

खगोलखुळा
मास्तरीणबाईंना पूर्ण अनुमोदन. जरा सविस्तर लिहितो.

पर्सीडचं सगळं कौतुक युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी केलेलं आहे, कारण त्यांच्याकडे ऑगस्ट म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. आपल्यासाठी वर्षातला सर्वात भरवशाचा उल्कावर्षाव म्हणजे मिथुनेतला, जेमिनिड. तो १३-१४ डिसेंबरच्या आसपास भरात येतो. पाऊस जाऊन महिना-दीड महिना झालेला असतो, हवा धुतलेली असते. वर यंदा ९ डिसेंबरला अमावास्या, म्हणजे १३ तारखेचा चंद्र जेमतेम चवथी-पंचमीचा. रात्री दहाच्या सुमारास तो मावळला की मैदान मोकळं. २०२४ मध्ये याच तारखांना जवळजवळ पौर्णिमा होती आणि सगळ्याचा विचका झाला होता. त्या मानाने यंदा चंद्राने फारच मेहेरबानी केली आहे.

आणखी एक मजा अशी की बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे सोडलेल्या धुळीमुळे होतात. पर्सीडचा स्विफ्ट-टटल, सूर्याभोवती फिरायला त्याला सुमारे १३३ वर्षं लागतात. ऑक्टोबरातल्या मृगातल्या आणि मे महिन्यातल्या कुंभेतल्या उल्का हॅलेच्या. जेमिनिडचा बाप मात्र धूमकेतू नाही, दगड आहे. ३२०० फेथॉन नावाचा, पाच-सहा किलोमीटर आकाराचा लघुग्रह. १९८३ साली आयरास या अवरक्त दुर्बिणीच्या उपग्रहाने तो टिपला आणि त्याची कक्षा या उल्कांच्या कक्षेशी जुळते हे फ्रेड व्हिपलच्या लक्षात आलं. साधारण दीड वर्षात तो एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत बुधाच्याही आत, सूर्याच्या इतका जवळ जातो की त्याचा पृष्ठभाग भाजून निघतो. पण एवढी प्रचंड धूळ एका दगडातून सुटली कशी, यावर अजून वाद चालू आहेत. जपानच्या अवकाशसंस्थेने त्याच्याजवळून जाणारं डेस्टिनी प्लस नावाचं यानच आखलं आहे.

दुर्बीण लागत नाही. उलट दुर्बिणीतून आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो आणि उल्का बाजूने निघून जाते. पाठ टेकून उताणं पडायचं, बस्स.

लालपरी
पहाटेच जास्त उल्का का दिसतात म्हणतात? झोपमोड केल्याशिवाय दिसल्या तर बिघडतं का?

खगोलखुळा
पृथ्वी सूर्याभोवती ज्या दिशेने धावते त्या दिशेला तोंड करून आपण मध्यरात्रीनंतर येतो. तुमच्या नावाला साजेसं सांगायचं तर पावसात धावणाऱ्या एसटीची पुढची काच भिजते तेवढी मागची भिजत नाही. संध्याकाळी आपण मागच्या काचेशी बसलेले असतो. पण जेमिनिडचं त्यातल्या त्यात बरं आहे. उल्का जिथून सुटल्यासारख्या वाटतात तो उगमबिंदू पुनर्वसूच्या कॅस्टर ताऱ्याजवळ आहे आणि रत्नागिरीच्या बाजूला तो रात्री आठच्या सुमारासच उगवतो. अडीचच्या आसपास जवळपास डोक्यावर येतो. त्यामुळे लहान मुलांना दहा ते बारा बसवलं तरी हाती काहीतरी लागतं. शिवाय या उल्का सावकाश जातात, सेकंदाला ३५ किलोमीटर. सिंहेतल्या लिओनिड ७१ ने येतात, "ती बघ" म्हणेपर्यंत संपलेल्या असतात. इथे बोट दाखवायला सवड मिळते.

तिरकस पुणेकर
सेकंदाला ३५ किलोमीटर म्हणजे सावकाश. मुंबई-गोवा महामार्गाच्या हिशेबाने की कसं?

रापणकर
त्या महामार्गाचा काम उल्केन केल्यान असता तर एव्हाना झाला असता.

सडेकर
महामार्गावर घसरू नका, त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो दहा वर्षं संपत नाहीये.

मूळ प्रश्नाकडे. किनारा नको. कोकणातल्या किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला, मागे माड, सुरूचं बन आणि डोंगर. मिथुन उगवणार पूर्वेकडून, म्हणजे पहिले दोन-तीन तास तुम्ही माडाच्या झावळ्यांतून उल्का शोधत बसणार. वर अलीकडे प्रत्येक किनाऱ्यावर हॉटेलांचे दिवे आणि समुद्रात मासेमारीच्या नौकांचे प्रखर झोत. काही रात्री क्षितिजावर गावच वसल्यासारखं दिसतं.

सड्यावर या. जांभ्याचा उघडा कातळ, चहूबाजूंनी आकाश, झाड नाही की वीजेचा खांब नाही. पावसाळ्यानंतरचं गवत डिसेंबरात वाळून बसलेलं असतं.

किनारेप्रेमी
असहमत. खगोलखुळाच म्हणतायत की अडीचला उगमबिंदू डोक्यावर येतो. मग पूर्वेला डोंगर असला काय आणि नसला काय? आणि उल्का उगमबिंदूपाशीच दिसतात असंही नाही, आकाशात कुठेही दिसतात, फक्त मागे रेघ ओढली की मिथुनेत जाऊन पोचते. वाळूवर पडायला मऊ असतं. सड्यावर कातळ टोचतो.

सडेकर
कातळ टोचतो म्हणून तर गादी न्यायची. आणि वाळू पहाटे किती गार आणि ओली होते ते झोपून बघा एकदा.

खगोलखुळा
दोघांचंही बरोबर. मध्यरात्रीनंतर फरक दिशेचा पडत नाही, उजेडाचा पडतो. पण संध्याकाळी उगमबिंदू क्षितिजालगत असताना ज्या थोड्या उल्का येतात त्या वातावरणाला घासत लांबलचक जातात, कधी अर्ध्या आकाशापर्यंत. मोजक्याच, पण बघण्यासारख्या. त्यासाठी पूर्व मोकळी हवी. म्हणून माझं मत सड्याला.

डॉक्टर, लांज्याकडचे
सडा म्हटलं की मला फुरसं आठवतं, विषारी साप. रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्याच्या दगडांत, गडग्यांच्या फटीत ते भरपूर आहे. आकाराने छोटं, दगडाच्या रंगाचं, रात्री फिरणारं. पाय पडला तर चावतं. थंडीत जरा मंदावतं, पण नाही असं समजू नका. लाल विंचूही आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला नसता तर आमच्याकडच्या किती पोरांचं काय झालं असतं, विचार करवत नाही. तेव्हा घोट्याच्या वर जाणारे बूट घाला, चालताना टॉर्च, दगड उचलून बसायला घेऊ नका, खाली जाड ताडपत्री. फुरसं चावलंच तर करकचून बांधाबांधी, चिरा देणं, मंत्र-अंगारे यातलं काही नाही. चावलेला पाय हलवायचा नाही आणि थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात. फुरशावर चालणारी प्रतिसर्पविष लस तिथे असते.

लालपरी
मी किनाऱ्याच्या बाजूने.

कातळवेडी
ताडपत्री पसरताना आणखी एक बघा. खाली कातळशिल्प नाही ना! हे थट्टेने लिहीत नाहीये. राजापूर-रत्नागिरी पट्ट्यातल्या सड्यांवर माणूस, हत्ती, मासे, मोर, भौमितिक आकृत्या कोरलेल्या आहेत. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, उक्षी, जांभरूण ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. अंधारात रेषा पायाखाली येतात आणि कळतही नाही. ही शिल्पं दिवसाउजेडी लांबून बघून घ्या, रात्रीची बैठक दुसरीकडे ठेवा.

दादरचा चाकरमानी
वा! आता कशेळीचं ठरवावं असं वाटायला लागलं. आमच्या गुहागरच्या घराच्या बाजूला रात्री आकाश पिवळट असतं, प्रकल्पाच्या दिव्यांमुळे. कशेळीत कनकादित्याचं देऊळही आहे ना?

मास्तरीणबाई, राजापूर
आहे. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच, त्यातलं एक. दुपारी देऊळ, संध्याकाळी देवघळीला सूर्यास्त, रात्री सडा. राहायची सोय कशेळी-आडिवऱ्यात घरगुती होते, पण आधी सांगून या, ऐन वेळी पंधरा माणसं आली तर आमच्याकडे भात तरी किती शिजवणार? आणि जमिनीच्या मालकाला विचारल्याशिवाय सड्यावर जायचं नाही. त्या दिवसांत आंब्याला मोहोर असतो, बागांत राखणदार असतात. रात्री दोन वाजता अनोळखी माणसं टॉर्च मारत फिरताना दिसली तर तो आधी काठी काढेल, मग नाव विचारेल.

पहाटपक्षी
अवांतर: आमची आजी म्हणायची, तारा तुटताना दिसला तर कोणाला सांगायचं नाही, गप घरात यायचं. एवढे शंभर तुटले तर किती वेळा घरात जायचं?

तिरकस पुणेकर
घरातच बसायचं. आम्ही तेच करतो.

विदर्भातली पाहुणी
२०२२ च्या गुढीपाडव्याला आमच्याकडे आकाशातून एक मोठी जळती रांग गेली होती, आठवतंय का? सगळे "उल्का, उल्का" म्हणून ओरडत होते. नंतर सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं सापडलं. तसलं काही सड्यावर डोक्यात पडणार नाही ना?

खगोलखुळा
ती उल्का नव्हती, चिनी रॉकेटचा उरलेला भाग होता. ओळखायला सोपं. रॉकेटचे तुकडे मिनिटभर आरामात आकाश ओलांडतात, उल्का सेकंद-दोन सेकंदांत विझते. उल्कावर्षावातले कण वाळूच्या कणापासून वाटाण्याएवढे असतात आणि ८०-१०० किलोमीटर उंचीवरच जळून जातात. जमिनीपर्यंत पोचतात त्या अशनी, त्यांचा या वर्षावाशी संबंध नाही. लोणारला जे पडलं ते निराळंच प्रकरण होतं, तिथलं विवर १.८ किलोमीटर रुंद आहे. सड्यावर डोक्याला धोका फक्त दवाचा, कानटोपी आणा.

किनारेप्रेमी
बरं, किनारा सोडला. रात्र कुठली? शनिवार १२ ची धरा. रविवारी दुपारी निघून सोमवारी ऑफिस.

खगोलखुळा
शनिवार सर्वात कमकुवत. यंदा शिखर १४ तारखेच्या संध्याकाळच्या आसपास येतंय, आपल्या वेळेने. म्हणजे सोमवारची रात्र सर्वात चांगली, त्याखालोखाल रविवारची. जेमिनिड हळूहळू चढतात आणि शिखरानंतर झपाट्याने उतरतात, मंगळवारी रात्री गेलात तर पंगत उठलेली असेल. त्यातून शिखराच्या वेळी आणि त्यानंतर ठळक उल्कांचं प्रमाण जास्त असतं, हा सोमवारचा आणखी एक फायदा.

किनारेप्रेमी
सोमवारची रात्र म्हणजे दोन दिवसांची रजा. साहेबांना काय सांगू, फेथॉनचं काम आहे?

जुना जाणता
रजेवरून आठवलं. १९९८ चा नोव्हेंबर. त्या वर्षी लिओनिडचा पाऊस पडणार म्हणून पेपरांत रकानेच्या रकाने भरून आले होते, कारण टेम्पल-टटल धूमकेतू ३३ वर्षांनी येऊन गेला होता. १७ तारखेच्या रात्री शिखर असं भाकीत होतं. आमच्या गावचे झाडून सगळे लोक, म्हातारेकोतारे धरून, त्या रात्री खळ्यात जागले. तुरळक काय त्या दिसल्या. सकाळी बंदरावर गेलो तर होडीवाले म्हणाले, "आज कसलं बघता, काल पहाटे बघायला हवं होतं, पाण्यावर उजेड पडत होता." खरंच तसं झालं होतं. ठळक उल्कांचा भर भाकितापेक्षा सोळा-एक तास आधी येऊन गेला. तेव्हापासून मी एका रात्रीच्या भरवशावर राहत नाही.

खगोलखुळा
लिओनिड लहरी असतात, जेमिनिड त्या मानाने वेळ पाळणारे. पण ढगांचं काय सांगावं. दोन रात्री ठेवा, हे मलाही पटतं. डिसेंबरात अरबी समुद्रात एखादा कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन दिवस झाकोळ राहतो.

सडेकर
मग असं करू. रविवारी १३ ला दुपारपर्यंत जमायचं, दोन्ही रात्री सड्यावर, मंगळवारी १५ ला परत. ज्यांना रजा नाही त्यांनी रविवारची रात्र बघून पहाटे निघावं. जागा मी बघतो, मालक ओळखीचे आहेत, शिल्पांपासून लांब आहे.

आठवीतली (बाबांच्या खात्यावरून)
मी दादरचा चाकरमानी यांची मुलगी. तासाला १५० उल्का असं एका ठिकाणी वाचलं. खरंच तेवढ्या दिसतील का? मला मोजून वहीत लिहायच्या आहेत.

खगोलखुळा
फार चांगला प्रश्न. तो आकडा कागदावरचा. आकाश पूर्ण काळं, ६.५ प्रतीपर्यंतचे, म्हणजे अगदी मंद तारेही डोळ्यांना दिसतायत आणि उगमबिंदू बरोब्बर डोक्यावर, असं धरून काढलेला. खऱ्या सड्यावर तुला मध्यरात्रीनंतर तासाला पन्नास-साठ दिसल्या तर रात्र उत्तम गेली म्हण. त्याही सारख्या अंतराने येत नाहीत. दहा मिनिटं काहीच नाही, मग मिनिटात चार.

मोजायचं असेल तर एकटीने मोज, दुसरा कोणी "ती बघ" म्हणाला आणि तुला दिसली नाही तर ती तुझी नाही. दर पंधरा मिनिटांनी वेळ लिही. रेघ मागे ओढल्यावर मिथुनेत पोचत नसेल तर ती वेगळ्या रकान्यात, कारण रोजच्या रात्रीही काही भटक्या उल्का असतातच. अंधार सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो आणि मोबाईलच्या एका झोताने तो अर्धा तास वाया जातो. टॉर्चच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दोन पदरी लाव, त्या उजेडात वही दिसते आणि डोळेही दिपत नाहीत. वांगणीला खगोल मंडळाच्या रात्रीच्या कार्यक्रमांना कधी जायला मिळालं तर जा, तिथे हे सगळं हातात धरून शिकवतात.

आठवीतली (बाबांच्या खात्यावरून)
थँक यू काका. पहिली दिसली की ओरडलं तर चालेल का?

सडेकर
सड्यावर चालतं. ऐकायला कोल्ह्यांशिवाय कोणी नाही.

फोटोवाला
कॅमेऱ्याचं कोणी बोललं नाही. रुंद कोनाचं भिंग, तिपाई, झडप वीस सेकंद उघडी, आयएसओ ३२०० च्या आसपास, आणि रात्रभर एकामागून एक फोटो. उल्का बघून बटण दाबू म्हणाल तर जन्मभर दाबत बसाल. भिंगावर दव धरतं, त्यासाठी हात गरम करायची पुडकी रबराने बांधा. मी कॅमेरा माणसांपासून लांब लावीन, कृपया त्यासमोरून बॅटरी मारत जाऊ नये.

मास्तरीणबाई, राजापूर
खाण्याचं ठरवा. रात्री अकराला भूक लागते आणि सड्यावर टपरी नाही. घावणे-चटणी मी करून आणते. चहा थर्मासमध्ये. चूल पेटवायची नाही, गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीत अख्खा सडा जाईल आणि लगतच्या बागांचा मोहोरही.

दादरचा चाकरमानी
ठरलं म्हणजे ठरलं. आता ऑगस्टच्या तिकिटांचं काय करू? कोकणकन्येची काढून बसलोय.

तिरकस पुणेकर
रद्द करा आणि त्या पैशात १२ सप्टेंबरचं मिळतंय का बघा, १४ ला गणपती आहेत. साठ दिवस आधी आरक्षण उघडतं, म्हणजे येत्या आठवड्यातच. कन्फर्म मिळालं तर तीच वर्षातली सर्वात दुर्मिळ खगोलीय घटना.

जुना जाणता
+१. आणि डिसेंबरचं तिकीटही ऑक्टोबरातच काढा. नाताळच्या तोंडावर गोव्याची गर्दी असते.

लालपरी
मी पण येते. फुरशाचे बूट घेऊन. १३ ला मांडवीने दुपारी रत्नागिरीला उतरेन. स्टेशनहून पावस-गावखडीमार्गे कशेळीला कोणाच्या गाडीत दोन जागा आहेत का?

रापणकर
माझ्या टेम्पोत आसत. पण मासळीची पाटी मांडयेर घेवची लागतली.